अंगात येत नाही, गोळी चढते

पत्र देवगड तालुक्यातल्या एका सुनेचं आहे. नाव-गाव छापू नका म्हणाली. वहीच्या सहा पानांचे फोटो काढून पाठवलेत, त्यातलं मुद्द्याचं तेवढं देते.

"सासरे ७१ वर्षांचे. एस.टी.त ड्रायव्हर होते, आता घरची कलमं बघतात. पार्किन्सन (कंपवात) होऊन सात वर्षं झाली. पहिली चार वर्षं गोळ्यांवर छान होते. आता सकाळची गोळी घेतली की तासाभराने मान, खांदे, एक पाय नुसते वळवळत राहतात. शेजारी म्हणतात, अंगात येतं. तिन्हीसांजेला पडवीत त्यांना लहान पोरं दिसतात. 'तीं पोरां भायर उबीं आसत, तेंका जेवूक वाढ गो,' म्हणून माझ्या मागे लागतात. आणि गेल्या वर्षभरात लॉटरीची तिकिटं! यंदाचे आंब्याचे पैसे बँकेत गेलेच नाहीत. जन्मात कधी पत्त्याला हात न लावलेला माणूस. मिस्टर मुंबईला असतात. ते फोनवर म्हणतात, सगळा औषधांचा परिणाम आहे, गोळ्या बंद कर. एकांनी खाजकुइलीच्या बियांची पावडर आणून दिली आहे. काय करू? आणि इतक्या वर्षांत याहून बरं औषध कुणी काढलंच नाही का?"

बाय गो, एकेरीतच लिहिते, माझ्या मुलीच्या वयाची असशील.

आधी मुंबईला फोन कर आणि सांग, गोळ्या बंद होणार नाहीत. पार्किन्सनच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर माणूस लाकडासारखा आखडतो, ताप चढतो, गिळता येत नाही, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. तुझ्या मिस्टरांचं निदान बरंचसं बरोबर आहे, उपाय मात्र साफ चुकलाय.

मी डॉक्टर नाही. मालवणात शाळेत शिकवत होते. आमच्या ह्यांना पार्किन्सन होता आणि त्यांच्या गोळ्यांचा डबा मी अकरा वर्षं भरला, एवढाच माझा अधिकार. तेव्हा इथलं वाचून घरच्या घरी अर्धी गोळीसुद्धा इकडची तिकडे करायची नाही. प्रश्न काढून डॉक्टरांकडे न्यायचे.

त्या वळवळण्याचं घेऊ. डोपामिन म्हणजे हालचालीसाठी लागणारं मेंदूतलं रसायन. आजार सुरू होतो तेव्हा मेंदूत ते साठवणाऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, पण बऱ्यापैकी शिल्लकही असतात. घरावरच्या टाकीसारखं समज. पंप दिवसातून तीनदाच लावला तरी टाकी भरलेली, नळाला दिवसभर सारखं पाणी. वर्षं जातात तशी टाकी आटत जाते. मग पंपाचं पाणी थेट नळाला. पंप चालू झाला की तोटी उडेल इतकं, बंद पडला की टिपूस नाही. हा पंप म्हणजे गोळीतलं लेव्होडोपा, ज्याचं मेंदूत डोपामिन होतं. त्याचा रक्तातला जोर तासा-दीड तासात निम्म्यावर येतो. म्हणून गोळी चढली की अंग वळवळतं आणि उतरली की पाय जमिनीला चिकटतात. वळवळ हा आजार नाही, औषधाचा चढ आहे. डॉक्टर त्याला डिस्कायनेशिया म्हणतात. डोस लहान करून जास्त वेळा देणं, अमान्टाडिन नावाची दुसरी गोळी घालणं असे त्यावर मार्ग आहेत. पण पोरं दिसत असताना अमान्टाडिन जपून, कारण भास त्यानेही वाढतात. बघ, एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं, तसलं हे पांघरूण.

आणि एक विचारून ठेव: बाबांना स्वतःला त्या वळवळीचा त्रास होतो का? पुष्कळदा बघणाऱ्यालाच जास्त होतो. आमचे हे म्हणायचे, "हललंय तरी चलात, पण धोंडो होऊक नको." त्यांच्यासाठी मग डोस कमी केला नाही.

शेजाऱ्यांशी भांडू नकोस. गाऱ्हाणं घालायचं तर घाला, नारळ ठेवा, माझी काही हरकत नाही. फक्त गाऱ्हाण्यापायी गोळीची वेळ चुकायची नाही. आणि अंगात येतं ते घड्याळ बघून येत नाही, हे त्यांना एकदा वहीतून दाखव.

वही म्हणजे अशी. माझ्या जुन्या वहीतलं एक पान उतरवते:

७.०० गोळी, पेज
७.४० हात सुटला, दाढी स्वतः केली
८.१५ मान हलू लागली
९.०० थांबली, बाहेर बसले, पेपर वाचला
१०.३० उजवा पाय ओढू लागला
११.०० गोळी
११.५० सुटले
१.३० गोळी, जेवण (बांगड्याचं तिखलं)
३.०० काहीच नाही, खुर्चीतून उठवेना
४.१० आता कुठे बरं

असं आठ दिवस लिही. वळवळताना एक आणि अडकलेले असताना एक, असे दोन लहान व्हिडिओ मोबाइलवर घे. डॉक्टरांसमोर दहा मिनिटांत माणूस कसा दिसेल हे नशिबावर असतं. आमचे हे तिथे जाऊन हटकून तरतरीत व्हायचे. वही खोटं बोलत नाही.

त्या पानावरचं दीडचं जेवण पाहिलंस? आम्ही दीड वर्ष समजत होतो की दुपारची गोळी भेसळीची आहे. मी दुकान बदललं, दुकानदाराला नको ते बोलले. मग एका तरुण डॉक्टर मुलीने विचारलं, "काकू, जेवायला काय असतं?" मासळीतलं प्रथिन पचून जे तयार होतं ते आणि लेव्होडोपा, दोघांनाही आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला दार एकच. दारात गर्दी झाली की गोळी बाहेर ताटकळते. डाळ, दूध, अंडी, चिकन, सगळ्यांचं तेच. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास, किंवा जेवल्यावर तासाभराने. मासे बंद करायचे नाहीत, माणूस खंगेल. आम्ही मुख्य मासळी रात्रीवर नेली आणि दुपारी भात, भाजी, सोलकढी. चार दिवसांत फरक दिसला. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर उकड्या तांदळाची पेज किंवा साधं बिस्किट चालतं. लोहाची गोळी चालू असेल तर तीही लेव्होडोपापासून दोन तास लांब.

आता पडवीतली पोरं. ह्यांना विहिरीपाशी छत्री घेतलेला माणूस दिसायचा. पहिला महिनाभर मी वाद घातला, "कोणी नाही तिथे, चला बघू." ते चिडायचे, मी रडायचे. मग कळलं की वाद घालण्यात अर्थ नाही आणि भिण्यातही नाही. "मला दिसत नाही हो, पण तुम्हाला दिसतंय ना, मी दिवा लावते," एवढं पुरतं. आणि खरंच दिवा लाव. तिन्हीसांजेच्या अंधूक उजेडात खुंटीवरच्या सदऱ्याचं पोर व्हायला वेळ लागत नाही. पडवीतल्या दोरीवरचे कपडे काढ. मोतीबिंदू आहे का तेही बघून घ्या.

पण डॉक्टरांना हे सांगायचंच. भास अचानक वाढले असतील तर आधी लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पिणं, सर्दीची वा झोपेची नवी गोळी, हे तपासतात. मग गोळ्यांची यादी. ट्रायहेक्सिफेनिडिल असेल तर पहिला संशय तिच्यावर. कंपाला ती बरी, पण सत्तरीच्या माणसाच्या डोक्यात गोंधळ घालते, तोंड कोरडं पाडते, लघवी अडवते. नंतर अमान्टाडिन, नंतर बाकीच्या. हे कमी करून भागलं नाही तर भासांवरचं क्वेटियापिन लहान डोसात देतात. भासांवरचंच हॅलोपेरिडॉल मात्र नको, त्याने पार्किन्सन भडकतो.

यावरून एक सांगते. ह्यांना एकदा रात्री उलट्या झाल्या. जवळच्या दवाखान्यात उलटीचं नेहमीचं इंजेक्शन दिलं, मेटोक्लोप्रामाइड. सकाळी माणूस ओंडका. त्या डॉक्टरांच्या मनात वाईट नव्हतं आणि मीही काही बोलले नव्हते, कारण मला माहीतच नव्हतं. तेव्हापासून ह्यांच्या पाकिटात एक चिठ्ठी असायची: "मला पार्किन्सन आहे. मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, हॅलोपेरिडॉल देऊ नये." चक्करेसाठी सर्रास मिळणाऱ्या सिनारिझिन आणि फ्लुनारिझिनचं नावही त्यात घाल. तुझ्या बाबांच्या खिशात उद्याच ठेव, अक्षर मोठं काढ.

लॉटरीचं मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण पत्रात तू ते दोन ओळींत उरकलंस आणि मला ते सगळ्यांत जड वाटलं.

त्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या उलट्या करून बारीक अक्षरातली नावं वाच. प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल दिसतंय का? या गोळ्या डोपामिनचं सोंग घेतात. चालण्यासाठी जे डोपामिन लागतं तेच मेंदूत "आता लागेल, आता लागेल" ही ओढही लावतं. काही जणांत ती ओढ सुटते ती सुटतेच. अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. अशा गोळ्या घेणाऱ्यांत १७ टक्के लोकांना जुगार, खरेदी, खाणं किंवा कामवासना यांपैकी कशावर तरी ताबा राहिला नव्हता. न घेणाऱ्यांत हेच सात टक्क्यांच्या आसपास. म्हणजे या गोळ्या घेणाऱ्या सहांत एक! ही काही कुठेतरी लाखात एक होणारी गोष्ट नव्हे. तरी गोळी सुरू करताना आम्हाला कोणी हे सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे लॉटरी नव्हती. हे रात्री दोनला उठून मिक्सर उघडायचे. मी पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात दिवा, आणि स्टीलच्या ताटलीत स्क्रू लहान-मोठे आकाराने रांगेत लावून ठेवलेले, जसे आपण खळ्यात आंबे लावतो. मग रेडिओ, मग भिंतीवरचं घड्याळ. जोडलं काहीच नाही. मला वाटलं, रिटायर माणूस, वेळ जात नाही. वेळ जात नाही म्हणून कोणी पहाटे चारपर्यंत घड्याळ उसवत बसत नाही, हे समजायला मला वर्ष लागलं.

पत्राच्या चौथ्या पानावर सासूबाईंबद्दलचं एक वाक्य तू लिहून खोडलंस. पूर्ण वाचता आलं नाही, पण "वेगळ्या खोलीत" एवढं लागलं. ते जर मला वाटतं तेच असेल, तर तेही याच गोळीचं असू शकतं. सासूबाईंना सांग की यात त्यांचं काही चुकलेलं नाही आणि बाबांचं चारित्र्यही बिघडलेलं नाही. तोंडाने सांगायला जीभ रेटणार नाही. चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हातात दे. त्यांनी हे बऱ्याचदा ऐकलेलं असतं.

ही गोळी कमी करायची तर तीही हळूहळू, डॉक्टरांच्या हातून. एकदम काढली तर घाबरटपणा, घाम, तळमळ सुरू होते आणि माणूस ती गोळीच परत मागतो. तोवर पैशाचं बघा. आंब्याचा व्यापारी पैसे कुणाच्या हातात देतो, ए.टी.एम. कार्ड कुणाकडे, फोनवरून पैसे जातात का, हे मिस्टरांनी इथे येऊन, बाबांच्या समोर बसून ठरवावं. पाठीमागून कार्ड काढून घेऊ नका. इतकी वर्षं दुसऱ्यांचे जीव सुखरूप पोचवलेल्या माणसाला घरात चोरासारखं वाटता कामा नये. "बाबा, हे गोळीने होतं, तुमच्या हातात नव्हतं," हे मुलाच्या तोंडून ऐकू दे त्यांना.

आणि याच गोळ्यांनी बसल्या-बसल्या झोपेची झापड येते. जुना ड्रायव्हर आहे, किल्ली बघितली की हात शिवशिवणार. स्कूटर नको, कलमावर शिडी लावून चढणं तर नकोच.

लहानसहान उरलं ते भरभर. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर निजलेला आणि उभा असा दोन्ही वेळचा बी.पी. मोजून घ्या, आणि बी.पी.ची जुनी गोळी अजून तेवढीच हवी का ते विचारा. रात्री उठताना खाटेच्या कडेला दोन मिनिटं बसायचं. बनियनवर घामाचे काळपट डाग किंवा गडद लघवी दिसली तर घाबरू नकोस, लेव्होडोपाने रंग येतो. पोट साफ ठेवा. ते अडलं की गोळीही वेळेवर लागू होत नाही.

खाजकुइली. हसू नकोस, ही पावडर आणणारा माणूस अगदीच वेडा नाही. आपल्या कुंपणावर जिच्या शेंगेची कुसं लागून पोरं खाजवत सुटतात, तिच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते त्या बियांतून वेगळं काढलं होतं. आयुर्वेदात कंपवाताला ती पूर्वीपासून वापरतात. पण अडचण हीच की ते खरं औषध आहे! चमच्यात किती गेलं ते कोणालाच सांगता येत नाही, आणि बाबांना आधीच चढ जास्त होतोय. वरून पावडर घातलीस तर पंपाला दुसरा पंप जोडल्यासारखं होईल. डबा फेकू नकोस, डॉक्टरांना दाखव. आतापर्यंत थोडी दिली असशील तर तेही खरं सांग.

आता तुझा शेवटचा प्रश्न, याहून बरं औषध कुणी काढलं नाही का. मलाही तो अकरा वर्षं छळत होता.

जेम्स पार्किन्सनने या आजाराचं वर्णन केलं १८१७ साली. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं धड औषध नव्हतं. गंमत म्हणजे वाट सापडली ती आपल्या सर्पगंधेवरून. तिच्यातून काढलेलं रेसरपिन बी.पी.साठी वापरत. स्वीडनच्या आर्विद कार्लसनने १९५७ मध्ये ते सशांना दिलं तर ससे गळून पडले, आणि लेव्होडोपा टोचताच पुन्हा उठून बसले. २००० साली त्याला नोबेल मिळालं. १९६१ मध्ये व्हिएन्नात रुग्णांना लेव्होडोपाची इंजेक्शनं दिली गेली आणि १९६७ मध्ये अमेरिकेत कोत्झियासने ते मोठ्या मात्रेत तोंडाने देऊन माणसं चालती केली. मळमळ कमी व्हावी म्हणून पुढे कार्बिडोपा जोडलं. बाबा सकाळी सातला घेतात ती गोळी मुळात हीच. ते एस.टी.त लागले तेव्हाही हीच होती. मधल्या काळात गाडीची मॉडेलं किती बदलली ते त्यांना विचार.

नवीन काहीच नाही असं नाही. मेंदूत तारा घालून वीज देण्याची शस्त्रक्रिया, डी.बी.एस., आहे. अमेरिकेत पार्किन्सनसाठी तिला २००२ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे मोठ्या शहरांत होते, खर्च लाखांत. वळवळ आणि चढ-उतार तिने खूप कमी होतात. पण भास असलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला डॉक्टर सहसा ती सुचवत नाहीत, म्हणून त्यासाठी कलमं गहाण टाकायचा विचार सध्या नको. लेव्होडोपा कातडीखालून चोवीस तास थोडं-थोडं सोडणाऱ्या पंपाला अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ मध्ये परवानगी मिळाली. कल्पना चांगली आहे: टाकी नाही तर नाही, नळाला धार तरी सारखी. आपल्या तालुक्यात यायला किती पावसाळे जातील देव जाणे.

आजारच थांबवणारं मात्र अजून काही हाती नाही. मधुमेहाच्या एक्सेनाटाइडवर बरीच आशा होती. ९६ आठवड्यांच्या चाचणीचा निकाल २०२५ मध्ये आला, उपयोग दिसला नाही. त्याच वर्षी मेंदूत स्टेम सेलपासून केलेल्या नव्या पेशी सोडण्याच्या दोन लहान चाचण्या प्रसिद्ध झाल्या, एकीत सात रुग्ण, दुसरीत बारा. धोका फारसा दिसला नाही, एवढंच आजघडीला म्हणता येतं. तेव्हा कोणी स्टेम सेलच्या नावाने पैसे मागितले तर दाराबाहेरूनच परत पाठव. भारतात पार्किन्सनसाठी तो मान्य उपचार नाही.

माझा राग औषध जुनं असल्याचा नाही. त्याच औषधाने माझा नवरा आणखी कित्येक वर्षं स्वतःच्या हाताने जेवला. राग याचा आहे की त्याचे दुष्परिणाम घरातल्या बाईने भिंतीवर डोकं आपटून एकेक करून शोधून काढायचे. त्यावर थोडं तरी करता येतं. औषधाचा दुष्परिणाम रुग्ण किंवा घरचेही सरकारकडे नोंदवू शकतात, १८००-१८०-३०२४ हा त्याचा फुकट नंबर. लॉटरी आणि पडवीतली पोरं, दोन्ही नोंदव. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन येतो, तेव्हा बाबांच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी कर. पुण्याला पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे आपल्यासारख्याच घरांशी मराठीत बोलता येतं. मला ते उशिरा कळलं.

तू लिहितेस की मेंदूचे डॉक्टर कोल्हापूरला आहेत. पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची असेल तर वाट बघू नकोस, फोन करून अलीकडची घे. मिस्टरांना त्या दिवशी रजा काढून यायला सांग. वही, व्हिडिओ, सगळ्या पट्ट्या आणि तो खाजकुइलीचा डबा एका पिशवीत. आत गेल्यावर पहिलं वाक्य लॉटरीचं बोल, वळवळ त्यांना आपोआप दिसेल. फोंडा घाटातून जायचं म्हणजे पहाटे निघणं आलं. सातची गोळी गाडीत, पाण्याची बाटली हाताशी. डब्यात भाकरी-भाजी दे, सुरमईची तुकडी नको. दुपारची गोळी रांगेत बसूनच घ्यावी लागणार.